मी ‘दोन’ म्हणालो होतो

खाली पोचला की अंबादास मला मिस्ड कॉल द्यायचा. दोन रिंग, मग बंद. तो कॉल आला की मी डोंगरमाथ्यावरून गाडी काढायची, वळणाच्या रस्त्यानं पायथ्याशी यायचं, सायकल मागं बांधायची आणि त्याला पुन्हा वर आणायचं. त्याला उतरायला चार मिनिटं लागायची, मला गाडीनं पंधरा. त्या रविवारी सकाळी मी बोनेटवर फोन ठेवून थर्मासमधला चहा ओतत होतो. चार मिनिटं झाली, सात झाली. उतार बघायला कुठं थांबला असेल, फोटो काढत असेल, असं म्हणून मी चहा पूर्ण प्यायलो. ही गोष्ट मला अजून खाते... मी चहा पूर्ण प्यायलो. दहाव्या मिनिटाला मी फोन लावला तेव्हा खालून, पार डोंगराच्या मध्यावरून, त्याच्या फोनची रिंग बारीक ऐकू आली. ती वाजत राहिली आणि फोन कुणी उचलला नाही. त्याला आज सहा आठवडे झाले.

अंबादास माझा वीस वर्षांपासूनचा मित्र. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होता. जॉबर म्हणजे यंत्रमाग बिघडला की तो दुरुस्त करणारा, मागाची नाडी कळणारा माणूस. मी पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये शिकवतो. एकदा मुलांना घेऊन त्याच्या कारखान्यात गेलो होतो. एवढ्या खडखडाटात तो चालता चालता थांबला, पलीकडच्या रांगेतल्या चौथ्या मागाकडं बोट केलं आणि म्हणाला, ‘त्याचा धोटा कुरकुरायलाय.’ धोटा म्हणजे मागावर आडवं सूत नेणारा भाग; आम्हाला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. त्यानं माग थांबवला, खिशातून खडू काढला, नटाच्या कडेला मागाच्या लोखंडावर एक रेघ मारली आणि मगच पाना लावला. मुलांना म्हणाला, ‘आधी कुठं होतं ते लिहायचं, मग हात लावायचा. चुकलं तर परत यायला जागा पाहिजे की नाही?’ मी वर्गात जे वर्षभर सांगू शकलो नव्हतो ते त्यानं एका रेघेत सांगितलं. त्या दिवसापासून मी त्याच्याकडं जायला लागलो आणि तो मला ‘मास्तर’ म्हणायला लागला. त्यातला निम्मा मान होता आणि निम्मी टिंगल. ‘पुस्तकातला नट गंजत नाही बे मास्तर,’ हे त्याचं ठरलेलं वाक्य.

सायकल त्याच्या आयुष्यात साखरेमुळं आली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, याला चालायचा कंटाळा, म्हणून पहाटे हिप्परग्याच्या तलावापर्यंत सायकलनं जायला लागला. मग मुलगी श्रावणी, जी आता एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे, त्याला कुठल्याशा डोंगरातल्या स्पर्धेला घेऊन गेली. ती स्वतः भाग घेणार होती. तिथं यानं माणसं दगडधोंड्यांतून सायकलवर सुसाट खाली येताना बघितली आणि परतल्यावर आठवडाभर दुसरं काही बोलला नाही. दोन वर्षांनी, एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यानं पुण्याहून तशीच सायकल आणली. डाउनहिलची. पुढं मोटरसायकलसारखा जाड दुहेरी फोर्क, मागं सीटखाली हवेवर चालणारा शॉकअप. गल्लीतले लोक बघायला जमले. कुणीतरी म्हणालं, अंबादास, अख्खं सोलापूर ताटासारखं सपाट आणि तू उताराची सायकल घेतोस? तो म्हणाला, ‘म्हणूनच स्वस्त पडली. हितं कुणी घेईना.’ पद्मावहिनी, म्हणजे त्याची बायको, दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, याला मागं कॅरियर का नाही?

ती सायकल ‘लावायला’ आम्हाला तीन रविवार लागले. हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याची कल्पना नसेल, म्हणून सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. अशी सायकल नवीन आणली की लगेच चालवायची नसते. प्रत्येकाच्या वजनाला ती जुळवून घ्यावी लागते. शॉकअपमध्ये छोट्या पंपानं हवा भरायची, मग माणसानं बूट, हेल्मेट, पाठीवर पाण्यानं भरलेली पिशवी असा सगळा सरंजाम चढवून भिंतीला हात टेकून सीटवर बसायचं आणि सायकल किती दबते ते मोजायचं. शॉकअपच्या दांड्यावर एक रबरी कडी असते, ती वर सरकवून ठेवली की दबलेलं माप ती दाखवते. अंबादास गच्चीवर हेल्मेट घालून भिंतीला टेकून बसायचा, मी हवा भरायचो आणि वहिनी स्टीलची पट्टी घेऊन मिलिमीटर वाचायच्या. वहिनींनी पंचवीस वर्षं विड्या वळल्या आहेत. त्यांची नजर आणि बोटं चुकत नाहीत. शेजारच्या गच्चीवरून एक म्हातारी दर रविवारी विचारायची, आज तरी निघाले का हे?

हवेनंतर खरं काम शॉकअपवरच्या लाल नॉबचं. बोटाच्या पेराएवढाच असतो तो. दबलेला शॉकअप किती वेगानं परत उठावा हे तो ठरवतो. उजवीकडं फिरवून पूर्ण बंद केला की सायकल सावकाश उठते, डावीकडं सोडत गेलं की जलद. प्रत्येक खाचेला टक् असा क्लिक लागतो आणि मोजायचं ते नेहमी पूर्ण बंद स्थितीपासून. फार सावकाश ठेवला तर लागोपाठ दगड आले की सायकल दबलेलीच राहते. फार जलद ठेवला तर मोठ्या धक्क्यानंतर मागचं चाक माणसाला उचलून पुढं फेकतं. इंग्रजी पुस्तिकेतलं हे वाक्य मीच त्याला मराठीत वाचून दाखवलं होतं. मला ते शब्दासकट आठवतं. अंबादासनं पुस्तिका ऐकून घेतली, मग डोळे मिटून सीट दाबली आणि सोडली, दाबली आणि सोडली. मागासारखाच तो तिलाही ऐकत होता. ‘झोपलेल्या माणसाची छाती उठते बघ, तसं उठायला पाहिजे,’ म्हणाला. सात क्लिकवर त्याचं समाधान झालं. मग त्यानं खिळ्यावरची वही काढली. कापडी पुठ्ठ्याची वही, तिला मागाच्या सुतानं पेन्सिल बांधलेली. त्यात हवा किती, सायकल बसली किती, क्लिक सात, असं सगळं लिहिलं. प्रत्येक वेळी काही बदललं की आधीचा आकडा, मग नवा. ती वही सायकलबरोबर डोंगरावरही यायची.

मला ही गोष्ट आवडत होती, हे कबूल करायला हवं. मी स्वतः त्या उतारावरून दहा पावलंही गेलो नसतो. होटगीच्या बाजूला मुरमाच्या जुन्या खाणीत तो पहिल्यांदा उडी मारून उतरला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. पण नॉब, हवा, माप यांचा मी जाणकार झालो होतो. श्रावणीच्या ओळखीची मुलं मला फोन करून विचारायची आणि मी सांगायचो. वीस वर्षं वर्कशॉपमध्ये मला कुणी काही विचारलं नव्हतं... अंबादास त्यांना कौतुकानं सांगायचा, मास्तरनं हात लावला की बघायचं काम नाही.

त्या रविवारी आम्ही तुळजापूरच्या घाटाजवळच्या डोंगरावर होतो. एक फेरी झाली होती. दुसऱ्या फेरीला वर आल्यावर तो म्हणाला, ‘मास्तर, बारक्या दगडांत मागचं चाक लवकर उठंना झालंय. बघ की जरा.’ तो बसून गुडघ्याचे पॅड आवळत होता. मी सायकलपाशी उकिडवा बसलो, नॉब धरला आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. कॉलेजमधला सहकारी होता. परीक्षेच्या सुपरव्हिजनची अदलाबदल करायची होती, त्याला मंगळवार नको होता. मी फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरला आणि बोलता बोलता नॉब डावीकडं फिरवला. किती फिरवला ते मला माहीत नाही. क्लिक बोटाला लागत होते, पण माझं लक्ष मंगळवारात होतं. फोन ठेवला तेव्हा अंबादास वही उघडून बसला होता.

‘किती?’ त्यानं विचारलं.

‘दोन,’ मी म्हणालो.

मोजलं नव्हतं, हे सांगायला एक सेकंद लागला असता. पुन्हा बंद करून मोजायला अर्धं मिनिट. पण मोजलं नाही असं अंबादाससमोर म्हणायची मला लाज वाटली. शिवाय आम्ही नेहमी दोनच फिरवायचो, म्हणजे दोनच असतील असं मला वाटलं. त्यानं वहीत लिहिलं, वही पाठीवरच्या पिशवीच्या कप्प्यात टाकली, हेल्मेटचा पट्टा लावला. ‘चहा ठेव बे थोडा,’ असं म्हणून गेला. अदलाबदल झाली. मंगळवारची ड्युटी नंतर मला करावी लागली नाही, कारण मंगळवारी मी स्मशानातून आलेला माणूस होतो.

गाडी वरच सोडून मी पायी डोंगर उतरून पोचलो तेव्हा तिथं एक मेंढपाळ होता, बिराप्पा नावाचा. त्यानं आपलं घोंगडं अंबादासच्या मानेखाली दिलं होतं आणि त्याचा हात धरून बसला होता. सायकल पाच-सहा पावलं खाली पडली होती, तिचं मागचं चाक वर होतं. श्वास चालू आहे की नाही हे मला समजेना. जीप मिळेपर्यंत, सोलापूरला दवाखान्यात पोचेपर्यंत मी त्याला हाका मारत होतो. डॉक्टरांनी पोचल्यावर दोन मिनिटांत सांगितलं. मान. बिराप्पा आमच्याबरोबर जीपमधून आला होता, मेंढरं पोराच्या हवाली करून. तो दवाखान्याच्या पायरीवर माझ्याशेजारी बसला आणि न विचारता बोलायला लागला.

‘लई झ्याक येत हुता की पाव्हणं. बिरेक दाबला न्हाय, दगूड आडवा आला न्हाय. त्या दगडाच्या पायरीवनं खाली आला, आन् सायकलीनंच त्यास्नी मागनं लाथ घातली बगा. उधळल्या घोड्यावाणी.’

त्याला काय माहीत, तो काय सांगत होता. दवाखान्यात त्या वेळी हे वाक्य समजणारा मी एकटाच होतो. हवालदारानं विचारलं, सायकलीत काही बिघाड होता का? मी म्हणालो, नाही, नवीन आहे. त्यानं लिहून घेतलं.

त्यानंतरचे दिवस मी घाबरून काढले. दुःख होतं, पण ते भीतीखाली दबून गेलं होतं. कॉलेजला जायचा माझा रस्ता त्यांच्या गल्लीवरून जातो. मी लांबून, रेल्वे लाइनच्या कडेनं जायला लागलो. दहाव्याला लोक म्हणत होते, काळ आला होता, निमित्त झालं. मी मान हलवत होतो आणि गच्चीच्या जिन्याकडं बघायचं टाळत होतो, कारण सायकल वर आणून ठेवली आहे हे मला दिसलं होतं. तिला फारसं काही झालं नव्हतं. म्हणजे नॉब माझ्या बोटांनी सोडला तिथंच असणार. आकडा तिथं होता. पूर्ण बंद करत न्यायचा आणि मोजायचा, एवढंच काम. सात अधिक दोन, नऊ निघाले तर मी खोटं बोललो पण निर्दोष. जास्त निघाले तर... मी जागेपणी बोटांवर आठवायचा प्रयत्न करायचो. तीन लागले होते की चार? घरात पंख्याचा रेग्युलेटर फिरवला तरी माझी बोटं मोजायला लागायची. बायकोनं विचारलं, काय पुटपुटता? तिलाही मी सांगितलं नाही.

श्रावणीचे तीन फोन मी उचलले नाहीत. चौथ्या वेळी ती कॉलेजात आली, थेट वर्कशॉपच्या दारात. मुलं लेथवर काम करत होती. ती म्हणाली, काका, नानांची सायकल मी चालवणार आहे, माझ्या वजनाला लावून द्या. मी म्हणालो, विकून टाक. म्हणालो, आईचा विचार कर. म्हणालो, आता पावसाळा येईल. सगळं ऐकून ती म्हणाली, ‘रविवारी या. नाही आलात तर मोबाईलवर बघून मीच लावणार.’

नानांपेक्षा, म्हणजे अंबादासपेक्षा, ती पंचवीस किलोनं हलकी आहे. नॉब आहे तसाच राहिला आणि ती बसली तर शॉकअप तिला आणखी जोरानं फेकणार, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. तोपर्यंत मी स्वतःसाठी घाबरत होतो. त्या दुपारी मला पहिल्यांदा दुसऱ्या कुणासाठी भीती वाटली, आणि ती त्याहून वाईट होती.

रविवारी मी गेलो. गच्चीवर सगळं तसंच होतं: भिंतीवर त्याच्या हाताचा तेलकट ठसा, जिथं टेकून तो बसायचा, खिळ्यावर वही, सुताला लटकणारी पेन्सिल. पोलिसांनी पिशवी परत दिल्यावर वहिनींनी वही पुन्हा जागेवर टांगली होती. सायकल धुऊन पुसून उभी होती. श्रावणी बूट घालून, हेल्मेट हातात घेऊन तयार होती. शेजारची म्हातारी तिच्या गच्चीवरून बघत होती.

नवीन मापं लावायची तर पहिलं काम नॉब पूर्ण बंद करायचं. आणि त्या घरातला नियम, आधी कुठं होतं ते लिहायचं. म्हणजे मोजल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी उकिडवा बसलो. पुन्हा उभा राहिलो.

‘वहिनी,’ मी म्हणालो, ‘त्या दिवशी शेवटचा नॉब मी फिरवला. मोजला नव्हता. त्यानं विचारलं, तर मी दोन सांगितले.’

फोनचं सांगितलं. मंगळवारचं सांगितलं. बिराप्पा काय बोलला तेही. पुस्तिकेतलं ते वाक्यही सांगितलं. श्रावणी हेल्मेट खाली ठेवून कठड्यापाशी गेली आणि आमच्याकडं पाठ करून उभी राहिली. वहिनींनी खिळ्यावरची वही काढली, शेवटचं पान उघडलं. त्याच्या अक्षरात होतं: क्लिक ७. त्याच्या खाली: ९, मास्तर.

‘मोजा,’ त्या म्हणाल्या.

मी नॉब धरला, पण फिरवला नाही. मला कळत होतं की हे एकदाच मोजता येणार आहे. बंद करता करता एक जरी क्लिक निसटला तर खरा आकडा कायमचा गेला, आणि मग मला उरलेलं आयुष्य ‘नऊच असतील’ असं म्हणता आलं असतं. हा विचार माझ्या मनात आला, हेही इथं लिहितो. वहिनी खाली बसल्या. ‘सरका,’ म्हणाल्या. त्यांनी नॉब दोन बोटांत धरला. पंचवीसचं बंडल न बघता मोजणारी बोटं. त्या तेलुगूत, घरच्या भाषेत, मोजायला लागल्या, विड्या मोजत तशाच, तोंडातल्या तोंडात. ओकटि. रेंडु. मूडु. वीस वर्षं त्या घरात चहा पिऊन ते आकडे मला येतात. सात झाले. एनिमिदि. तोम्मिदि. नऊ झाले. मी मनात म्हणालो, आता थांबू दे, आता अडू दे...

टक्. पदि.

टक्. पदकोंडु.

टक्. पन्नेंडु.

मग नॉब अडला. बारा. मी दोन म्हणालो होतो आणि पाच फिरवले होते.

बारानं माणूस मरतो का, मला माहीत नाही. डोंगरातली ती पायरी उंच होती, त्याचा तोल गेला असेल, वयही होतं, असं कुणी म्हणेल. मरत नाही असंही मला कुणी सांगू शकणार नाही. वहिनींनी नॉबवरची बोटं काढली नव्हती. मी वाट बघत होतो, त्यांनी ओरडावं, मला जा म्हणावं. त्या बोलल्या ते सायकलकडं बघतच.

‘मागावर त्यांनी कधी कुणाचं ऐकलं नाही. हेल्परनं सांगितलं तरी स्वतः परत मोजायचे. तुमचं मोजलं नाही.’

एवढंच. मग वही माझ्यापुढं धरली. ‘लिहा.’

मी ‘९, मास्तर’च्या खाली बारा लिहिले. पेन्सिलीचं टोक बोथट झालं होतं, आकडा जाड उमटला. त्यापुढं माझं नाव लिहिलं, पूर्ण नाव. पेन्सिल सोडली तशी ती सुतावर हेलकावे खात राहिली.

श्रावणी कठड्यापासून परत आली. तिचे डोळे लाल होते आणि ती माझ्याकडं बघत नव्हती. तिनं हेल्मेट घातलं, पाण्यानं भरलेली पिशवी पाठीला लावली, भिंतीवरच्या त्या तेलकट ठशावर हात टेकला आणि सीटवर बसली. मी हवा कमी केली. वहिनींनी पट्टी लावून माप वाचलं, मी लिहिलं. ती उतरली, पुन्हा बसली, वहिनींनी पुन्हा वाचलं. ऊन डोक्यावर आलं. शेवटी फक्त नॉब राहिला.

‘तुम्हीच फिरवा,’ वहिनी म्हणाल्या. ‘पण मोठ्यानं मोजा.’

दोघी वाकून माझ्या बोटांकडं बघत होत्या. माझा फोन खिशात वाजायला लागला. तो वाजून वाजून बंद होईपर्यंत मी हात हलवला नाही. मग नॉब डावीकडं फिरवला, क्लिक बोटाला नीट लागेपर्यंत थांबलो, आणि शेजारच्या गच्चीवर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, ‘एक.’